झीज आणि निगा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस या लेखाचा विषय पाहून किंचित् आश्चर्य वाटेल. ज्या पृष्ठांवर काव्य, नाटक, कादंबरी आणि क्वचित् चित्रकला यांची चर्चा व्हावयाची, तेथें प्लास्टिकच्या लहानशा विमानास जागा कशी मिळाली, असें कोणीं विचारल्यास तो प्रश्न अगदींच गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आम्ही स्वतः तो विचारला असता. परंतु टीकाकारानें कोणती वस्तु लहान आणि कोणती मोठी हें आधींच ठरवून बसूं नये. जेथें अनुकरण आहे, निवड आहे, आणि त्या निवडीबद्दल कर्त्यास जाब विचारतां येतो, तेथें टीकेला काम आहे, असें आमचें मत आहे. आमच्या भाच्यानें केलेलीं दोन विमानें शेजारींशेजारीं ठेवून पाहतांना असा जाब विचारण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि तो विचारतां विचारतां आमचाच थोडा जबाब द्यावा लागला.

या छंदाचा इतिहास थोडक्यांत सांगून पुढें जाणें बरें. इंग्लंडांत ‘फ्रॉग’ या नांवाखालीं ‘पेंग्विन’ मालिकेंतील विमानांचे सुटे भाग १९३६ सालीं विक्रीस आले. मूळ विमानाचा बहात्तरावा हिस्सा हें प्रमाण त्यांत धरलेलें होतें. महायुद्धांत, १९४२ मध्यें, अमेरिकेच्या नौदलानें शाळकरी मुलांकडून याच प्रमाणांत लांकडी विमानें करवून घेतलीं. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें हें सैनिकांस आकारावरून ओळखतां यावें एवढाच त्यांचा उपयोग असल्यामुळें तीं काळ्या रंगानें रंगवीत. पुढें १९५३ सालीं ‘एअरफिक्स’ कंपनीनें आपलें पहिलें ‘स्पिटफायर’ स्वस्त संचाच्या रूपानें बाजारांत आणलें, आणि तेथून हा खेळ घरोघर गेला. यांत आम्हांस महत्त्वाची वाटणारी गोष्ट एकच आहे. लांकूड कोरणाऱ्या मुलाचें सारें कौशल्य आकार साधण्यांत खर्ची पडे. आज तो आकार पोलादी साच्यांतून आयता येतो आणि सर्वांस सारखाच मिळतो. तेव्हां हाताला स्वतःचें असें म्हणण्यास विमानाचा पृष्ठभाग तेवढा उरला. या कलेची सर्व महत्त्वाकांक्षा, आणि आमच्या मतें तिचे सर्व दोषही, त्या पृष्ठभागावर येऊन साठले आहेत.

हें पृष्ठभागाचें काम म्हणजे मुख्यतः विमानावर झीज, मळ, काजळी, तेलाचे ओघळ आणि उन्हानें विटलेला रंग दाखविणें. या मंडळींत त्यास ‘वेदरिंग’ म्हणतात. आम्ही त्यास ‘झीज चढविणें’ म्हणतों. जी क्रिया मूळ वस्तूवरून कांहींतरी कमी करते ती येथें थरावर थर देऊन साधावी लागते, म्हणून हा शब्द आम्हांस शोभतोसा वाटतो. भाच्यानें हें काम आमच्यासमक्ष करून दाखविलें. प्रथम जोडलेल्या विमानास अस्तराचा रंग. त्यावर पत्र्यांच्या सांध्यांवरून काळसर रेघा, म्हणजे वरचा रंग बसल्यावर त्या आंतून सांवलीसारख्या दिसाव्या. मग विमानाचे खरे रंग. मग पाण्यांत भिजवून चिकटविण्याचीं खुणांचीं चित्रें. मग चकचकीत व्हार्निशचा एक हात. त्यानंतर तैलरंग अगदीं पातळ करून सांध्यांत सोडावयाचा आणि वर राहिलेला पुसून घ्यावयाचा. शेवटीं चकाकी मारणारें दुसरें व्हार्निश. रंगाचे टवके उडालेले दाखविण्यास दोन युक्त्या आहेत. एक, स्पंजाचा तुकडा रुपेरी रंगांत बुडवून, बहुतेक रंग कागदावर टिपून टाकून, उरलेला नुसता टेंकावयाचा. दुसरी अधिक मौजेची आहे. आधीं सर्वत्र रुपेरी रंग द्यावा. तो वाळल्यावर पृष्ठभाग ओला करून त्यावर मिठाचे कण चिकटवावे. वरून हिरवा-तपकिरी रंग फवारावा. आणि तो वाळला कीं मीठ घासून काढावें. जेथें कण होता तेथें खालची चांदी उघडी पडते. आमच्या भगिनीच्या स्वयंपाकघरांतलें जाडें मीठ या कामीं किती गेलें याचा हिशेब तिनें आम्हांस ऐकविला, पण तो येथें देण्याचें प्रयोजन नाहीं.

आमच्याकडील मुलें दिवाळींत अंगणांत मातीचे किल्ले करितात, तेंही एका अर्थीं याच जातीचें काम. पण सिंहगड करणारा मुलगा ढांसळलेला बुरूज करीत नाहीं. तो तटावर मावळे उभे करितो, मधोमध महाराजांस बसवितो, उतारावर हळीव पेरतो. आज गडावर जाणाऱ्यास जें दिसतें तें त्याला नको असतें. गड नांदता होता तो काळ त्याला हवा असतो. विमान करणाऱ्यासही कोणता काळ दाखवावयाचा हें ठरवावें लागतें, फक्त त्याचा काळ फार अरुंद असतो. कारखान्यांतून बाहेर पडणें आणि नाहींसें होणें यांच्यामधले थोडे महिने, आणि त्यांतलाही एखादाच दिवस.

भाच्याचें पहिलें विमान ‘हॉकर हरिकेन’ या जातीचें, १९४० च्या उन्हाळ्यांतल्या ब्रिटनवरील आकाशयुद्धांतलें होतें. सिडनी कॅम यानें आंखलेलें हें विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें, आणि पुढें सर्व प्रकार मिळून अशीं चौदा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. ‘स्पिटफायर’चें नांव अधिक गाजलें खरें, पण १९४० च्या त्या लढाईंत संख्येनें हरिकेनच अधिक होतीं. भाच्यानें आणलेला संच एअरफिक्सनें २०१५ सालीं नव्या साच्यांतून काढलेला, मूळच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचा होता. मूळ पंखांचा विस्तार चाळीस फूट. तो येथें बरोबर दहा इंच भरतो. पुरें झालेलें विमान त्यानें आमच्या टेबलावर आणून ठेवलें तेव्हां आमच्या तोंडून आपसुखच ‘वाहवा’ निघालें, हें कबूल केलें पाहिजे. पंखांचा प्रत्येक पत्रा कडांशीं काळा आणि मध्यें उजळ झालेला. धुराड्यांच्या नळ्यांपासून शेपटापर्यंत गेलेला काजळीचा पट्टा. नाकापासून शेपटापर्यंत सर्वांगावर चमकणारे रुपेरी टवके. जणूं एखादा मल्ल अंगावरच्या जखमा दाखवीत आखाड्याबाहेर येत आहे. घरीं आलेल्या प्रत्येक पाहुण्यास आम्ही तें दाखविलें, आणि प्रत्येकानें तीच ‘वाहवा’ दिली. आज आम्ही या विमानाच्या विरुद्ध जें लिहीत आहों तें या कबुलीसह वाचावें, अशी विनंति आहे.

आमच्या मनांत पहिली शंका आली ती हरिकेनच्या बांधणीविषयीं वाचतांना. हें विमान जुन्या आणि नव्या विद्येच्या सांध्यावर उभें आहे. त्याचा पुढचा भाग धातूच्या पत्र्यांनीं मढविलेला. पंख आरंभीं कापडी असत ते १९३९ पासून धातूचे होऊं लागले. पण वैमानिकाच्या बैठकीमागचा सगळा सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर लांकडी पट्ट्या, आणि त्यांवर ताणून बसविलेलें लिननचें कापड. ‘डोप’ नांवाचें रोगण चढवून तें कापड ढोलकीच्या पानासारखें घट्ट करीत. म्हणजे बैठकीच्या मागें पत्रा नाहींच. तेथें रंग झिजला तर खालीं चांदी दिसेल कोठून? कापड फाटेल, विटेल, ठिगळ घेईल. पण तें पत्र्यासारखें चमकणार नाहीं. आणि भाच्याच्या विमानावर तर शेपटाशीं चांदीचा अगदीं सुकाळ होता.

क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्याचा विचार मांडतांना अस्थानीं घातलेल्या अलंकारांचें उदाहरण दिलें आहे. कंबरपट्टा गळ्यांत आणि हार कंबरेला बांधणारा मनुष्य, अलंकार कितीही मोलाचे असले तरी, हास्यास्पदच होतो. कापडावर उडालेले चांदीचे टवके हा त्याच जातीचा अलंकार होय. ही चूक केवळ माहितीची आहे, तिच्यावर एवढा गहजब कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. झिजेची खूण म्हणजे एक विधान असतें: येथें अमुक वस्तु अमुक वस्तूस घासली. पंखाच्या मुळाशीं डाव्या बाजूस रंग गेलेला असेल तर तें विधान असें कीं वैमानिक याच बाजूनें चढत असे. हरिकेनच्या डाव्या अंगाला पाय ठेवण्यासाठीं खालीं उतरणारी रिकीब असे, तेव्हां तें विधान खरें आहे. तोफखान्याच्या झांकणांच्या कडा खरवडलेल्या असतील तर दारूगोळा भरणाऱ्यानें घाईघाईनें पेंचकस चालविला असें तें विधान. ज्या खुणेमागें असें वाक्य लपलेलें नाहीं ती खूण नुसता डाग होय.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाच्या विमानावरचा एक मिलिमीटरचा टवका मूळ विमानावर अठ्ठेचाळीस मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन इंच होतो. सांध्याची रेघ एक पंचमांश मिलिमीटर रुंद असली तरी मूळ विमानांत तेथें जवळजवळ एक सेंटिमीटरची फट पडते. आणि ती काळ्या तैलरंगानें भरली म्हणजे ती फट आहे हें दुरूनही समजतें. असें विमान खरोखर उडालें असतें तर त्याचे पत्रे कागदांच्या कपट्यांसारखे वाऱ्यावर गेले असते. या छंदांतील मंडळींत रिव्हेटें मोजणाऱ्यांची एक जात आहे आणि तिची थट्टा पुष्कळ होते. आमचा ओढा प्रथम त्या थट्टेकडेच होता. डॉक्टर जॉन्सननें ‘रॅसेलास’ या १७५९ च्या कथेंत, फुलाच्या पाकळीवरच्या रेघा मोजीत बसणें हें कवीचें काम नव्हे असें मत मांडलें आहे, आणि तें आम्ही तीस वर्षें विद्यार्थ्यांस शिकवीत आलों आहों. परंतु विमानाची प्रतिकृति ही सामान्य ‘विमान’ या कल्पनेचें काव्य नसून एका विवक्षित विमानाचें व्यक्तिचित्र असतें. त्याच्या अंगावर त्याचें स्वतःचें अक्षर आणि क्रमांक असतो. व्यक्तिचित्र काढणाऱ्यानें तीळ कोठें आहे हें पाहिलेंच पाहिजे. मात्र तीळ तिळाएवढाच काढला पाहिजे.

मग प्रश्न असा कीं, इतके हुषार आणि कष्टाळू लोक ही चूक पुनःपुन्हा कां करितात? उत्तर आम्हांस संस्कृत साहित्यशास्त्रांत सांपडलें. चकोर चांदणें पितो, हें कोणत्या कवीनें डोळ्यांनीं पाहिलें? कोणींच नाहीं, आधींच्या कवीनें लिहिलें म्हणून पुढच्यानें लिहिलें. आपले आलंकारिक त्यास कविसमय म्हणतात. झीज चढविण्याच्या कलेंतही असेच समय रूढ झाले आहेत. युद्धकाळांतलीं बहुतेक छायाचित्रें कृष्णधवल. संग्रहालयांत जपून ठेवलेलीं विमानें पुन्हा रंगविलेलीं, तेव्हां तीं झिजेच्या बाबतींत साक्षीदार म्हणून निरुपयोगी. तेव्हां नवा कारागीर पाहतो कशाकडे? दुसऱ्या कारागिराच्या विमानाकडे. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेननें कोरड्या कुंचल्यानें कडा उजळण्याची आणि सांध्यांत पातळ रंग सोडण्याची रीति लोकप्रिय केली. पुढें स्पेनमधील कारागिरांनीं प्रकाश आणि सांवली यांचा विरोध आणखी भडक केला. दोन्हीही थोर कौशल्याचीं कामें. परंतु अनुकरण करणाऱ्यांच्या हातीं हरिकेन हरिकेनसारखें न दिसतां बक्षीस मिळविलेल्या दुसऱ्या प्रतिकृतीसारखें दिसूं लागलें. चकोराचीच गोष्ट.

येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रस्किननें १८४९ सालच्या आपल्या ग्रंथांत इमारतीचें वैभव तिच्या वयांत असतें असें प्रतिपादन केलें. जुन्या वाड्याच्या भिंतीकडे पाहणाऱ्यास तें पटतें. पावसाळ्यामागून पावसाळे तिच्यावर आपला हात फिरवून गेलेले असतात. पण लढाऊ विमानास तसें वय नसे. त्याचें आयुष्य महिन्यांत मोजावयाचें, कधीं कधीं आठवड्यांत. त्याच्यावर जें दिसे तें काळाचें काम नसून कामाचें काम असे. आमच्या भाच्यानें तीन महिन्यांच्या विमानास तीनशें वर्षांच्या वाड्याची कळा आणली होती.

इतका विचार करूनही आमच्या टीकेंत कांहींतरी उणें राहत होतें, आणि तें काय हें आम्हांस पुस्तकांतून कळलें नाहीं. आमचे मातामह साताऱ्याकडचे. १९४२ सालीं ते हवाई दलांत भरती झाले. विमानाच्या एंजिनाची देखभाल करणारे ते ‘फिटर’ होते, आणि १९४४ सालीं त्यांची नेमणूक इंफाळच्या मैदानांत होती. तेव्हां त्या दलाचें नांव नुसतें ‘इंडियन एअर फोर्स’ असें होतें. ‘रॉयल’ ही उपाधि त्यास १९४५ च्या मार्चमध्यें मिळाली. त्या दलाची पहिली तुकडी अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालीं हरिकेन विमानें घेऊन १९४४ च्या आरंभीं इंफाळला आली होती. जपानी सैन्यानें वेढा दिला, कोहिमाकडून येणारा रस्ता तोडला, आणि तो २२ जून १९४४ रोजीं मोकळा होईपर्यंत तेथील फौजेस लागणारें सारें विमानांनींच न्यावें लागलें. आजोबांनीं आम्हांस लढाईच्या गोष्टी फारशा सांगितल्या नाहींत. आम्ही कॉलेजांत असतांना ते वारले, आणि आमची त्या वयाची उत्सुकता शेलीपलीकडे जात नव्हती, हें आज लिहितांना वाईट वाटतें. पण एक गोष्ट ते वरचेवर सांगत. पहांटे विमान उडण्यापूर्वीं आणि परत आल्यावर तें पुसावयाचें. तेल, चिखल, धूळ, कांहीं ठेवावयाचें नाहीं. “विमानाचा रंग खरवडलेला दिसला,” ते म्हणत, “कीं सार्जंट आमची खरडपट्टी काढी.”

आजोबांचें हें वाक्य आम्हांस त्या विमानाकडे पाहतां पाहतां अकस्मात् आठवलें, आणि आमची ‘वाहवा’ कोठें चुकली तें उमगलें. पुसण्यामागें शिस्तीइतकाच जिवाचा प्रश्न असे. बैठकीवरच्या पारदर्शक आवरणावर चिकटलेला धुळीचा एक कण दूरच्या शत्रुविमानासारखा दिसूं शकतो, आणि तितकाच कण खरें शत्रुविमान झांकूंही शकतो. पृष्ठभाग खडबडीत झाला कीं वेग कमी होतो. हरिकेनच्या नाकावर, पंख्याच्या मागें, पंख्याकडून उडणारें तेल अडविण्यासाठीं एक कडें बसविलेलें असे. तें तेल समोरच्या कांचेवर येऊं नये म्हणून. म्हणजे मूळ विमान बांधणाऱ्यांनीं आणि राखणाऱ्यांनीं मळाविरुद्ध रोज झुंज दिली होती, आणि प्रतिकृति करणारा ती झुंज मळानेंच जिंकली असें दाखवितो! भाच्याच्या पहिल्या विमानावर युद्ध होतें, ऊन-पाऊस होता, वैमानिकाचे बूटही होते. ज्यांच्या हातांत चिंधी होती ते मात्र तेथें नव्हते. पत्रा झिजविणारे हात आणि तो पुसणारे हात हे दोन्ही एकाच विमानावर फिरलेले असतात. पहिल्याची खूण दाखविणें सोपें आहे. दुसऱ्याची खूण म्हणजे खुणेचा अभाव. तो रंगानें कसा रंगवावयाचा, हा या कलेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे असें आम्हांस वाटतें.

या जागीं वाचक आणखी एक आक्षेप घेतील, आणि तो आमच्या घरांतच घेतला गेला आहे. माणसें मारण्याचें यंत्र दिवाणखान्यांत शोभेस ठेवावें काय? आक्षेप हलका नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, कोरें करकरीत विमान आणि फाजील रापलेलें विमान हीं दोन्ही या बाबतींत सारखींच अपराधी आहेत. पहिलें युद्धास खेळणें करितें. दुसरें त्यास रमणीय करितें. जखमांचा असा एक थाट असतो कीं त्यांत वेदना उरत नाहीं. ज्या प्रतिकृतींत एखाद्या साताऱ्याकडच्या पोरानें अंधारांत कंदील धरून पंख पुसला असें दिसेल, तिच्यापुढें उभें राहिल्यावर युद्ध सुंदर आहे असें कोणास वाटेल, हें आम्हांस तरी संभवत नाहीं.

हें सर्व आम्हीं भाच्यास बोलून दाखविलें. तो रागावला नाहीं; आठ महिने कांहीं बोललाही नाहीं. मग गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास दुसरें हरिकेन घेऊन आला. हें इंफाळचें होतें. वरून तेच गडद हिरवा आणि मातकट असे दोन रंग; पण पंखांवरच्या वर्तुळाकार खुणांत तांबडा ठिपका नव्हता. जपानी विमानांवर तांबडा गोल असे. घाईंत आपलेच लोक आपल्यावर गोळी झाडतील म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ पासून विमानांच्या खुणांतून तांबडा रंग काढून टाकला होता. ही गोष्ट त्यानें आम्हांस सांगितली. आम्हांस ती ठाऊक नव्हती.

प्रथमदर्शनीं या विमानानें आम्हांस निराश केलें, हेंही नमूद केलें पाहिजे. तें फिकें दिसलें. ‘वाहवा’ आली नाहीं. दिव्याखालीं धरून हळूहळू फिरवूं लागल्यावर तें बोलूं लागलें. चाकांनीं उडविलेली इंफाळची तांबूस धूळ पंखांच्या खालच्या अंगास, मागल्या फ्लॅपवर बसलेली होती. वरचें अंग जवळजवळ स्वच्छ. धुराड्याच्या नळ्यांमागची काजळी होती, पण तिची वरची कड मऊ झालेली, कोणीं तरी पुसावयास घेऊन मध्येंच सोडून दिल्यासारखी. बहुधा उड्डाणाची हांक आली असावी. डाव्या पंखाच्या मुळाशीं रंग गेला होता, पण टवक्यांनीं नव्हे. पायांनीं गेलेल्या उंबरठ्याप्रमाणें गुळगुळीत होऊन गेला होता. बैठकीवरचें आवरण लख्ख. आणि बैठकीच्या मागें, कापडावर, तीन लहान चौकोनी ठिगळें, भोंवतालच्या रंगाहून किंचित् अधिक गडद, कारण त्यांस अजून ऊन लागलेलें नव्हतें. कापडी अंगाचा हा एक गुणच होता; पुष्कळदां गोळी आरपार निघून जाई आणि रातोरात ठिगळ लावून विमान सकाळीं पुन्हा उडे. या तीन ठिगळांत जितकें युद्ध आहे तितकें पहिल्या विमानाच्या सर्व चांदींत नव्हतें.

दोष आहेत, आणि ते न सांगणें म्हणजे आप्तपक्षपात होईल. तीं तीन ठिगळें एका ओळींत, सारख्या अंतरावर आहेत. गोळ्या अशा फूटपट्टीनें मोजून येत नाहींत. येथें भाच्याच्या हातांतल्या अभियंत्यानें डोळ्यांवर मात केली. रंग विटविण्यांत त्यानें दोन्ही पंख सारखेच विटविले आहेत. कडक शिस्तीच्या दलांतही एखादा भाग दुसऱ्या विमानावरून काढून बसविला जाई आणि तो निराळा दिसे, अशी एखादी विसंगति आम्हांस आवडली असती. सांध्यांच्या रेघा पूर्वीपेक्षां पुष्कळ सौम्य आहेत, पण आम्ही त्या आणखी निम्म्या केल्या असत्या. रंग उजळ करण्याचीही एक पद्धत आहे: दुरून पाहिलेल्या वस्तूचा रंग हवेमुळें फिका दिसतो, म्हणून लहान प्रतिकृतीवर मूळ रंगांत थोडा पांढरा मिसळावा असें कित्येक कारागीर मानतात. तत्त्व म्हणून तें चुकीचें नाहीं. पण येथें हिरव्या रंगांत पांढरा थोडा अधिक पडला असून उजव्या पंखावर साय धरल्यासारखी दिसते. भाच्यानें ती चूक मान्य केली, मात्र ठिगळांची केली नाहीं. “मामा, तीन गोळ्या एका ओळींत येऊंच शकत नाहींत कशावरून?” असें तो म्हणाला. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, तरी आमचें मत बदललेलें नाहीं.

विमान आमच्याकडे ठेवून तो निघाला, आणि जिन्यावरून परत वर आला. एंजिनाच्या झांकणावर पुसल्याच्या अर्धगोल खुणा अगदीं पातळ रंगानें दाखवावयाच्या राहिल्या होत्या, त्याबद्दल त्यास एक विचारावयाचें होतें. “पणजोबा पुसतांना उजवा हात वापरीत कीं डावा? गोल कोणीकडून कोणीकडे फिरेल तें त्यावर आहे.” आम्हांस ठाऊक नव्हतें. आंत मातोश्री जपमाळ घेऊन बसल्या होत्या; त्यांस विचारलें. त्यांनीं माळ थांबविली, थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहिलें, आणि एकदां उजवा हात, मग डावा हात हवेंत फिरवून पाहिला.

“अण्णा जेवायचे उजव्यानें,” त्या म्हणाल्या, “पण सायकल पुसायचे डाव्यानें.”